मधली चित्रं

"कोणत्या कार्टूनपटाचा दुसरा भाग कधीही काढू नये?" उन्हाळ्याची सुट्टी लागली की चॅनेलवाले हा प्रश्न विचारतात आणि दिवाळी आली की अंकवाले. लोकही असे हिरिरीने याद्या पाठवतात, जसा काही जमिनीचा दावा लागलाय. खालची नावं दरवर्षी बदलतात. पहिलं मात्र ठरलेलं. 'डुबुक'. त्याला हात लावाल तर खबरदार, असं लोक लिहायचे आणि माझं काळीज सुपाएवढं व्हायचं. आता त्या याद्यांचं नाव काढलं तरी माझं डोकं उठतं.

मी वैजयंती. 'डुबुक' मी आणि माझ्या नवऱ्यानं, सयाजीनं काढला, त्याला तीस वर्षं होऊन गेली. तेव्हा सगळं जग कॉम्प्युटरवर गेलेलं, आणि आम्ही दोघं कोल्हापुरात मंगळवार पेठेत, माडीवर, काचेच्या टेबलाखाली दिवा लावून कागदावर पेन्सिलीनं चित्रं काढत बसलेलो. लोकांनी खुळ्यात काढलं होतं आम्हाला. काढू दे.

हातानं काढायच्या कार्टूनची रीत अशी, की एकानं मुख्य चित्रं काढायची. उडी मारायच्या आधीचं एक, पाण्यात पडल्यावरचं एक. त्या दोहोंच्या मधली सगळी चित्रं दुसऱ्यानं काढायची, म्हणजे मग ती उडी हलते. मुख्य चित्रं सयाजीची, मधली माझी. नाव त्याचं व्हायचं आणि बोटं माझी मोडायची. मी हे त्याला तोंडावर सुनवायची. मग तो म्हणायचा, "वैजे, तुझी मधली नसतील तर माझी उडी म्हणजे नुसते दोन फोटो," आणि चहा करून आणायचा. पाणचट. पण आणायचा.

सिनेमा पाणमांजराच्या पिल्लाचा. आमच्याकडची पोरं विहिरीत पोहायला शिकतात तशी पाठीला वाळका भोपळा बांधून डुबुक पोहायला शिकतो. शेवटी एकदा तो म्हणतो, "बाबा, आज भोपळा नको." बाप गाठ सोडतो. डुबुक सूर मारतो. पाण्यावर वर्तुळं उठतात, मोठी होतात, विरतात. पाणी थांबतं. डुबुक वर येत नाही. बाप हातात भोपळा घेऊन काठावर उभा, आणि सिनेमा संपतो.

"पोरांच्या सिनेमात असला शेवट? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" असं वितरक म्हणाला होता. पण पोरांनी बघितला. रडली, घरी जाऊन आयांना विचारलं, आणि आयांना काहीतरी उत्तर द्यावं लागलं. ज्यांच्या घरात कुणी गेलेलं होतं ती माणसं आम्हाला भेटायला यायची. सयाजीचा हात हातात घेऊन बसायची आणि उठून जायची.

ती आमच्याकडेच का यायची, ते सांगते. आम्हाला एक मुलगी होती. रुजुता. रुजू म्हणायचो. माझ्या माहेरच्या मळ्यातल्या विहिरीत सयाजी तिला पोहायला शिकवत होता. उन्हाळाभर शिकवलं. चांगली मासोळीसारखी पोहायची. मग एकदा म्हणाली, "बाबा, आज भोपळा नको." पोरं म्हणतातच. कधीतरी सोडावाच लागतो. त्यानं गाठ सोडली, तिनं सूर मारला.

आठ वर्षांची होती.

पुढे कितीतरी दिवस घरात आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. तो माडीवर बसून वर्तुळं काढायचा. एक लहान, एक मोठं. कागद टेबलावर ठेवून खाली यायचा. मग मी वर जायची आणि त्या दोन वर्तुळांच्या मधली वर्तुळं काढायची. तेवढंच आमचं बोलणं. त्यातून तो शेवटचा प्रसंग झाला, आणि त्या प्रसंगाच्या पुढेमागे सिनेमा झाला. आमचा संसार टिकला तो त्या पाण्यावर. "तुझी चूक नव्हती रे," हे मी सयाजीला हजारदा सांगितलं असेल. तो मान हलवायचा आणि पहाटे उठून बसायचा. उजवा हात सारखा थरथरायचा, पेन्सिल धरली की तेवढा थांबायचा.

मग 'पुढे' आलं.

कंपनीचं नावच 'पुढे'. गोष्ट संपली की पोरं विचारतात ना, पुढे काय झालं, त्यातलं. कुठल्याही सिनेमाचं नाव सांगायचं, की घरातलं यंत्र बसल्या जागी त्याचा दुसरा भाग करून दाखवणार. पहिल्यांदा कुठले सिनेमे घ्यायचे, हे त्यांनी कुठून ठरवलं असेल? त्या याद्यांवरून! ज्याचा दुसरा भाग नको म्हणून लोक गळा काढतात, तोच त्यांना मनातून सगळ्यात जास्त हवा असतो, हे कंपनीच्या बरोबर लक्षात आलं. पहिला नंबर अर्थात आमचा.

माझ्या भावाची मुलगी केतकी पुण्यात त्याच कंपनीत कामाला. तिनं फोन नाही केला, स्वतः आली. मी गुळाच्या पोळ्या करत होते. ही आली ती ओट्यापाशी उभी राहिली.

"आत्या, काकांना ते बघू देऊ नकोस. तूही बघू नकोस."

"तुझ्याच कंपनीचं ना गं? हलवायानंच पेढे खाऊ नका म्हणावं, तसं झालं की."

"चेष्टा नको, आत्या."

"मग आधी हे सांग, आम्हाला न विचारता आमच्या डुबुकला हात कसा लावला तुम्ही?"

"सिनेमा आमची कंपनी काढतच नाही. तुमच्या घरातलं यंत्र तुमच्यापुरतं बनवतं. दोन घरांत एकसारखं दिसत नाही. स्वप्न बघायला कुणी परवानगी मागतं का, असं आमचा वकील कोर्टात म्हणाला. जिंकला तो."

"मुडदा बशिवला त्याचा."

केतकीनं एक पोळी उचलली आणि नुसतीच हातात धरली. म्हणाली, "दुसऱ्या भागाबद्दल लोकांची कायमची तक्रार काय असते? पहिल्याची सर नाही. ही तक्रार यायला नको, एवढं एकच काम यंत्राला दिलं होतं. ते शिकत गेलं. चित्रं सुधारली, आवाज सुधारले, तरी थोडी तक्रार उरायचीच. मग त्याचं त्यालाच एक वाट सापडली. दुसरा भाग पहिल्यासारखा होत नसेल, तर पहिलाच दुसऱ्यासारखा करून टाकायचा."

"पहिला कसा बदलेल? तो तर झालाय कधीचा."

"डब्यातला नाही गं. डोक्यातला."

मी गॅस बंद केला.

"गणपतीला तू शाडू मळतेस ना?" ती म्हणाली. "आठवण तशी असते. आपल्याला वाटतं, डोक्यात फोटो ठेवलेत, काढायचे, बघायचे, परत ठेवायचे. तसं नसतं. आठवण काढली की ती ओली होते. मेंदूतले त्या आठवणीचे जोड खरोखर सैल पडतात आणि काही तासांनी परत घट्ट होतात. त्या मधल्या वेळात जे बोट लागेल ते ठसतं आणि त्याच्यासकट वाळतं. डॉक्टर हाच उपाय भीतीवर करतात. अपघातातून वाचलेल्या माणसाला तो प्रसंग आठवायला लावतात आणि ओला असतानाच त्याची धार कमी करतात. आमचं यंत्र काय करतं, तर आधी पहिल्या सिनेमातला तुझा सगळ्यात हळवा क्षण दाखवतं. कॅमेरा तुझी बुबुळं बघतो, श्वास बघतो. आठवण ओली झाली, की यंत्र बरोबर त्या जागी नवीन चालू करतं. दुसऱ्या दिवशी तुला सांधा सापडत नाही. जे दिसलं तेच पहिल्यापासून होतं, असं वाटतं."

"आणि डुबुक?"

"प्रत्येक घरात बाकीचं वेगळं असतं. पण डुबुक वर येतो, हे सगळीकडे एकच. सगळ्यांना तेच हवं असतं."

"मग बंद करा की ते यंत्र!"

"कुणी तक्रारच करत नाही, आत्या. बंद कशासाठी करायचं?"

निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, "इतरांची नुसती सिनेमाची आठवण बदलते. काकांचं तसं नाही ना." मला कळलं. सयाजीच्या डोक्यात डुबुक आणि रुजू वेगळे कुठं होते? एकाच दोऱ्यात विणलेलं ते. एक टाका ओढला की सगळं येणार.

मी सयाजीला शब्दन् शब्द सांगितला. त्यानं ऐकूनही घेतलं. आणि तेवढ्यात ते आमंत्रण आलं. गावातल्या सिनेमावेड्या लोकांच्या मंडळानं परिसंवाद ठेवला होता. विषय तोच मेला, कोणत्या कार्टूनपटाचा दुसरा भाग कधीही काढू नये. अध्यक्ष सयाजी.

त्याला चेवच आला. "पितळ उघडं पाडतो बघ त्या यंत्राचं. पाण्याचं चित्र जमत नसणार त्याला. पाणी कुणाच्या बापाला येत नाही. एकेक चूक काढून दाखवतो व्यासपीठावर."

"म्हणजे तू बघणार ते?"

"बघणार नाही, तपासणार आहे."

"सयाजी, केतकी काय म्हणाली..."

"ते बघणाऱ्यांसाठी, वैजे. आपण कारागीर. हलवाई कधी गोडाला भुलतो होय?"

माझं कर्म! आमच्या धंद्यातल्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. साधा माणूस सिनेमा एकदा बघतो, रडतो, झोपतो. आमची जात तशी बघत नाही. आम्ही एकेक चित्र थांबवून बघतो, पुढे नेतो, मागे आणतो, आणि पटत नाही तोवर कागद ठेवून स्वतः काढून बघतो. हाताला कळल्याशिवाय आम्हाला कळतच नाही. सयाजी तेच करायला बसला. डुबुकचं डोकं पाण्याबाहेर येतं तेवढा तुकडा त्यानं माडीवर लावला. आधी जुना शेवट, मग नवा. पुढे, मागे. पेन्सिलीनं कागदावर. आठवण ओली करायची, ठसा उमटवायचा, वाळू द्यायची, परत ओली करायची. बघणाऱ्याला चमचाभर मिळतं ते हा बादलीनं पीत होता, आणि तेही चुका काढायला!

मी त्या पडद्याकडे बघितलं नाही. चहा नेऊन ठेवायची आणि पाठ करून उभी राहायची.

"सापडली का चूक?"

"वर्तुळं जरा घाईची आहेत," तो पहिल्यांदा म्हणाला. मग एकदा म्हणाला, "तशी ठीक आहेत." आणि मग एका सकाळी जिन्यावरूनच हाक मारली, "वैजे, पाणी बरोबर आहे गं."

त्याच सुमाराला तो झोपायला लागला. पहाटे उठून बसणं गेलं. एक दिवस बघते तर तो कप उचलत होता आणि कप वाजत नव्हता. हात स्थिर! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. कामात जीव रमला म्हणून असेल, असं धरून चालले मी. देवीला नारळ फोडून आले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

परिसंवादाला हॉल भरलेला. मी पहिल्या रांगेत. आधी दोघंतिघं बोलले. एक प्राध्यापकबाई उठल्या आणि म्हणाल्या, "डुबुकचा दुसरा भाग का नको? कारण तो वर येतो, बापाच्या हातातला भोपळा बघतो आणि हसतो, इतका पूर्ण शेवट मराठीत दुसरा नाही." हॉलभर टाळ्या. मला वाटलं, बाईंची गफलत झाली. मागे वळून बघितलं. लोकांचे डोळे भरलेले. शेजारचे गृहस्थ मान डोलावत मला म्हणाले, "तो हसतो ना ताई, तिथं मी लहानपणी फार रडलो होतो हो."

"तो वर येत नाही," मी म्हणाले.

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जशी मी देवळात चपला घालून आले.

मग सयाजी उभा राहिला. मी मनात म्हटलं, आता हा घेतो एकेकाला. त्यानं माइक धरला. हात दगडासारखा स्थिर. म्हणाला, "मंडळी, आम्ही गरीब माणसं. हातानं काढलं. पण पोरगं वर आणलं. पोराला पाण्यात सोडून जाणारा सिनेमा आम्ही काढला नाही. म्हणून त्याला पुढं काही जोडायची गरज नाही." लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मला त्या टाळ्या नुसत्या दिसत होत्या. ऐकू काही येत नव्हतं.

घरी आलो. मी पानं वाढली. दोन. तो म्हणाला, "रुजूला कळवलंस का आजचं? तिला आवडलं असतं. दिवाळीला येईल तेव्हा सांगू."

हातातली वाटी पडली नाही, एवढंच. "कुठून येईल ती, सयाजी?"

"कुठून म्हणजे? तिकडून." त्यानं हातानं लांब दाखवलं, नदी उतरून जाते तिकडे. सासर म्हणाला नाही, गावाचं नाव नाही. तेवढं त्यानं काढलंच नव्हतं अजून. आणि भाताचा घास घेतला. चेहरा असा, की लग्नाच्या आधी होता तसा.

दुसऱ्या दिवशी मी जुना सिनेमा लावला. आमचा, खरा. त्याला समोर बसवलं. बाप काठावर उभा राहिला, पाणी थांबलं, पडदा काळा झाला.

सयाजी संतापला. "कुणी केलं हे?"

"आपण. तू आणि मी."

"आपण असलं करू? पोरांच्या सिनेमात?" तो उठून येरझाऱ्या घालायला लागला. "यंत्रानं केलेला दुसरा भाग दिसतोय हा. बघ, म्हणूनच मी म्हणतो, काढू नयेत. बंद कर ते. अभद्र."

मग माझाही तोल गेला. मी रिक्षा बोलावली आणि त्याला माहेरच्या मळ्यात नेलं. मळा आता भाच्यांकडे आहे. उसात वाट उरलेली नाही, पाचट तुडवत गेलो. विहिरीच्या काठावर मी त्याला उभं केलं आणि म्हटलं, "इथं. बघ आत. भोपळा नको म्हणाली. आठवतंय?"

तो बघत राहिला. पाण्यावर पाचोळा होता. मग त्याचा उजवा हात हलायला लागला. आधी बोटं, मग मनगट. माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "वैजे, मी सोडली गाठ." तिथंच मटकन बसला. गुडघ्यावर, मातीत. त्या दिवशी ओरडला होता तसाच ओरडला. तीस वर्षांत जे थोडं झिजलं होतं तेही कोरं करकरीत होऊन आलं होतं. काल त्याला लेक होती हो! आज मी त्याला सांगितलं, की ती मेली आणि गाठ तू सोडलीस. उसातली माणसं धावत आली. त्यांना वाटलं, साप चावला.

"तुझी चूक नव्हती रे," मी म्हणत राहिले. त्याला काही ऐकू जात नव्हतं.

घरी आणून झोपवला. सकाळी मी दूध तापवत होते तर जिना वाजला. वर गेला. टेबलाखालचा दिवा लावला असणार. जेवायला खाली आला तेव्हा हात स्थिर होता. म्हणाला, "काल कुठं गेलो होतो गं आपण? पाय दुखतायत."

मी केतकीला फोन लावला. "केतकी, हे परत येतंय. मी त्याला विहिरीवर नेलं, आठवलं त्याला, आणि सकाळी परत पुसलं गेलं."

"तसंच होणार, आत्या. त्यांनी ते इतक्या वेळा हातानं काढलंय, की तीच आता पक्की आठवण आहे. तू परत नेलंस तर परत आठवेल. पण दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळेल."

"म्हणजे दर वेळी मी त्याची पोर मारायची."

मी विचारलं, "तू तरी सांग. डुबुक वर येत नाही ना?"

"नाही येत," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे, तू म्हणतेस म्हणून नाही येत. खरं सांगू? परवा माझ्या मुलीनं हट्ट केला, तिच्याबरोबर बघावं लागलं. मला शास्त्र सगळं माहीत आहे, आत्या. पण आता आठवायला गेले की तो मला हसतानाच दिसतो."

घ्या. ज्या पोरीनं मला शाडू शिकवला, तिचीच मूर्ती बदलली.

तेव्हापासून मी त्याला विहिरीवर नेलेलं नाही. कशी नेऊ? आयुष्यभर मी देवाकडे एकच मागत आले, की या माणसाच्या मानेवरचं ते जोखड काढ. काढलं. तो गुणगुणतो, फाटकाशी पोरांना चिडवतो, भाजीवालीशी घासाघीस करतो. परवा म्हणाला, "वैजे, तू अशी सुतकात असल्यासारखी का वागतेस गं? माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "नाही रे. तुझी काही चूक नाही." तो लगेच "बरं," म्हणाला. हजारदा सांगितलं तेव्हा पटलं नाही, आणि आता पटलं तेव्हा कशाबद्दल ते त्याला माहीत नाही.

सुतक एकट्यानं धरता येत नाही, हे मला आता कळतंय. मी एकटीच रडते तर शेजारीपाजारी विचारतात, काय झालं? काय सांगू? ज्यांनी तिला खांदा दिला ते म्हातारे गेले. राहिलेले माझे दोन भाऊ, त्यांनीही घरी डुबुक बघितलाय. धाकट्याजवळ फोनवर रुजूचं नाव काढलं तर म्हणाला, "असते कुठं ती हल्ली?" मी फोन ठेवून दिला. तिला विहिरीतून बाहेर काढली होती ती यानंच.

आज दुपारी सयाजीनं मला माडीवर बोलावलं. टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. त्यानं स्वतःच्या हातानं सगळी मुख्य चित्रं काढून ठेवली होती. पहिलं, थांबलेलं पाणी. शेवटचं, पाण्याबाहेर आलेलं डोकं. पाणमांजराचं नव्हतं ते. दोन वेण्या, ओल्या, गालाला चिकटलेल्या. पुढचा एक दात पडलेला. हुबेहूब.

"यंत्राचं बरोबर आहे, पण त्यात जीव नाही," तो म्हणाला. "म्हटलं, आपण आपलं काढू. मधली तू काढ. तुझ्याशिवाय ती हलायची नाही."

मी त्या दातपडक्या तोंडाकडे बघत राहिले. या घरात तिचा फोटो मी कपाटात ठेवलाय, भिंतीवर लावायची हिंमत झाली नाही कधी. किती वर्षांनी समोरासमोर बघितली.

आणि मला माहीत आहे ना काय होणार ते. मी बघणारी नाही, काढणारी आहे. एकेक चित्र काढत जाईन. पाणी जरासं फुगेल, मग केस दिसतील, मग कपाळ. चित्रागणिक तीस वर्षांपूर्वीचं ते पाणी ओलं होईल आणि वाळताना तिला घेऊन वाळेल. गठ्ठा संपेल तेव्हा माझी लेक वर आलेली असेल. तिला श्वास लागलेला असेल. आणि ती मेली होती, हे या जगात कुणालाही ठाऊक नसेल. एकालाही नाही. आठ वर्षं जगली आणि मेली, त्यातलं मरण तरी तिचं स्वतःचं होतं. तेही आम्ही काढून घेणार.

मी नको म्हणू शकते. मग तो बिचारा स्वतःच मधली काढत बसेल, आणि मी खाली एकटी, त्याच्या सुखाकडे बघत, दात-ओठ खात मरेन. जमत नाही हो. खूप करून बघितलं. माझ्यात तेवढं बळ नाही.

म्हणून खाली येऊन तुम्हाला हे सांगितलं. ऐकून ठेवा. रुजुता सयाजी चव्हाण. गुळाची पोळी तिला कडेला करपलेली लागायची, मधली मऊ ती माझ्या ताटात टाकायची. अंधाराला भ्यायची, पाण्याला नाही. उन्हाळ्यात, सकाळी, माझ्या माहेरच्या विहिरीत तिनं सूर मारला आणि ती वर आली नाही. हे खरं आहे. मी अजून शुद्धीत आहे तोवर सांगतेय.

वरून हाक आली, "वैजे, येतेस ना? चहा ठेवलाय." पाणचटच असणार.

पेन्सिली तासून झाल्या. जाते. पुढे कधी बाजारात भेटलो, आणि मी हसून म्हणाले, की लेक दिवाळीला येतेय, गूळ घ्यायला निघालेय, तर 'हो का, वा!' म्हणा. वाद घालू नका माझ्याशी.